सरकार नको म्हणणाऱ्यांची निवडणूक

नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या ऊस आणि कांदा उत्पादकांनी रस्ते अडवले, रेल्वे अडवल्या. उसाला टनाला ३०० रुपये भाव मिळावा ही मुख्य मागणी होती. हजारो शेतकरी स्वतःहून तुरुंगात गेले, खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा जीव गेला आणि शेवटी सरकारला भाव वाढवून द्यावे लागले. सहा वर्षांनी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, याच जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. ग्रामीण बायका एवढ्या मोठ्या संख्येने राजकीय प्रश्नावर एकत्र आल्याचे उदाहरण महाराष्ट्रात त्याआधी सापडत नाही. या दोन्ही घटनांच्या मागे शरद जोशी आणि त्यांची शेतकरी संघटना होती. त्याच जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. सरकारने शेतकऱ्याच्या पाठीवरून उतरावे, बाजारातून बाहेर पडावे आणि कायदा, न्याय, संरक्षण एवढेच सांभाळावे, असे उघडपणे सांगणारा हा पक्ष होता. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत त्याला एक जागा मिळाली. लोकसभेत त्याचा माणूस कधीच निवडून गेला नाही. जोशी स्वतः संसदेत गेले ते राज्यसभेच्या वाटेने, दुसऱ्या पक्षांच्या पाठिंब्यावर. ज्यांच्या एका हाकेवर महामार्ग ओस पडत, त्यांच्या हाकेवर मतपेट्या का भरल्या नाहीत, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर मला पटत नाही.

नेहमीचे उत्तर असे असते: आंदोलनात शेतकरी हा शेतकरी असतो, मतदानाच्या दिवशी तो मराठा, माळी, वंजारी, कुणबी होतो. त्याला नेता हवा असतो, पण आमदार आपल्या गटाचा लागतो. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण हे उत्तर मतदाराला अजाण ठरवते, आणि पुरावा तसा नाही. माझे म्हणणे असे की शेतकऱ्याने स्वतंत्र भारत पक्षाची मागणी नीट ऐकली होती आणि विचार करूनच नाकारली होती. महाराष्ट्रात सरकार फक्त मंत्रालयात बसत नाही. ते साखर कारखान्यात, जिल्हा बँकेत, बाजार समितीत, खरेदी केंद्रावर बसते, आणि त्या प्रत्येक ठिकाणी शेतकरी स्वतः सभासद, कर्जदार किंवा विक्रेता असतो. सरकार मागे हटावे यासाठी मत देणे म्हणजे त्या सगळ्या नात्यांना एका फटक्यात हात घालणे होते. जास्त भाव मागताना त्या नात्यांना धक्का लागत नव्हता. आंदोलन आणि निवडणूक यांच्यातली दरी पडली ती इथे.

हे समजण्यासाठी आधी जुन्या स्वतंत्र पक्षाकडे पाहावे लागते, कारण जोशींनी नाव तिथूनच घेतले. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. जमीन एकत्र करून कसण्याच्या त्या कल्पनेने देशभरच्या जमीनधारकांत धास्ती बसली. त्याच वर्षी ऐंशी वर्षांच्या राजाजींनी स्वतंत्र पक्ष उभा केला. प्राध्यापक रंगा अध्यक्ष झाले, मिनू मसानी सरचिटणीस, आणि परमिट, लायसन, कोटा यांच्या राज्याविरुद्ध बोलणारा एक पक्ष देशाला मिळाला. १९६२ मध्ये त्याचे १८ खासदार होते, १९६७ मध्ये ४४, म्हणजे लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष. १९७१ च्या इंदिरा लाटेत ते ८ उरले आणि १९७४ मध्ये पक्ष चरणसिंहांच्या भारतीय लोकदलात विरला. सरकारविरोधी विचाराला भारतात मतेच मिळत नाहीत, हे म्हणणे या ४४ जागांपुढे टिकत नाही. पण त्या जागा आल्या कुठून, हे पाहिले की खरे चित्र दिसते. राजस्थानात गायत्रीदेवींसारखी राजघराणी होती, ओरिसात राजेंद्र नारायण सिंगदेव यांच्यासारखे जुने संस्थानिक होते आणि तिथे १९६७ मध्ये ते मुख्यमंत्रीही झाले, १९६२ मध्ये बिहारमध्ये रामगढचे राजेही होते. या सगळ्यांकडे सरकारखेरीज वेगळी सत्ता होती. प्रजा अजूनही दरबाराकडे पाहत होती. तिथल्या मतदाराला सरकार दूर गेल्याने पोकळी जाणवली नसती, कारण ती भरायला राजा होता. मुंबई हे पक्षाच्या विचारवंतांचे आणि पैसा देणाऱ्यांचे शहर. तरी महाराष्ट्राच्या खेड्यात हा पक्ष कधी रुजला नाही.

गुजरातचे उदाहरण मात्र माझ्या मांडणीला अडचणीचे आहे आणि ते बाजूला सारून चालणार नाही. तिथे राजे होते, पण पक्षाची मुख्य ताकद भाईलालभाई पटेल ऊर्फ भाईकाका आणि खेडा जिल्ह्यातले पाटीदार यांच्यात होती, आणि १९६७ मध्ये विधानसभेत पक्षाला ६६ जागा मिळाल्या. तेव्हाचा खेडा जिल्हा तर सहकाराचे माहेरघर, अमूल तिथलीच. सहकार असेल तिथे सरकारविरोधी पक्ष वाढत नाही असा सरसकट नियम काढला तर खेडा तो मोडतो. पण दूध आणि ऊस यांचा सहकार एकसारखा नाही. दुधाचा संघ रोज दूध घेतो, रोज पैसे मोजतो, आणि शेतकऱ्याच्या जमिनीवर काय पिकावे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. साखर कारखान्याला केंद्राचा परवाना लागे, राज्याचे भागभांडवल लागे, कर्जाला सरकारची हमी लागे, आणि ऊस कोणाकडे जाणार हेही पुढे सरकारच ठरवू लागले. म्हणजे प्रश्न सहकाराचा नाही, सरकार शेतकऱ्याच्या दाराशी किती जवळ उभे आहे याचा आहे.

ते महाराष्ट्रात फार जवळ उभे होते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास उभा केलेला कारखाना ही शेतकऱ्यांची खरीखुरी कमाई होती; सावकाराच्या आणि खासगी कारखानदाराच्या तावडीतून सुटण्याची ती वाट होती आणि तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पुढच्या तीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात तालुक्यागणिक कारखाना झाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, १९६३ मध्ये कृषी उत्पन्न बाजार समितीचा कायदा झाला, जिल्हा मध्यवर्ती बँका, खरेदी-विक्री संघ, सूतगिरण्या अशी साखळी जोडली गेली. कारखान्याचा संचालक पुढे जिल्हा परिषदेत, तिथून विधानसभेत, तिथून मंत्रिमंडळात जाई. ऊसबिलातून ठेवींच्या, निधीच्या, शिक्षणसंस्थेच्या नावाने कपात होई आणि त्या कपातीतून शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहत. ही व्यवस्था शेतकऱ्याला लुबाडत होती असे जोशी म्हणत आणि हिशेब मांडून दाखवत. १९८४ च्या आदेशाने आलेली झोनबंदी तर उघड जुलूम होता: शेजारचा कारखाना टनामागे जास्त देत असला तरी ऊस आपल्याच कारखान्याला घालायचा. पण त्याच शेतकऱ्याचा त्या कारखान्यात शेअर होता, मुलगा तिथे कामाला होता, मुलगी कारखान्याच्या महाविद्यालयात शिकत होती, पीककर्ज सोसायटीतून आले होते आणि ते ऊसबिलातून वळते होणार होते. तो अध्यक्षाशी भांडू शकत होता, सर्वसाधारण सभेत गोंधळ घालू शकत होता, टनाला शंभर रुपये जास्त द्या म्हणून रस्त्यावर बसू शकत होता. सरकारने या सगळ्यातून निघून जावे, हे मात्र तो म्हणू शकत नव्हता. ते म्हणणे म्हणजे आपल्याच संसारातली आपली बाजू सोडणे होते.

याचा पुरावा याच उसाच्या पट्ट्यात आहे. २००४ मध्ये जोशींनी भाजप आणि शिवसेनेच्या आघाडीशी जुळवून घेतले तेव्हा राजू शेट्टी संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. त्याच वर्षी ते शिरोळमधून आमदार झाले, २००९ मध्ये हातकणंगलेतून खासदार झाले आणि २०१४ मध्ये पुन्हा निवडून आले. त्यांना मते देणारा शेतकरी तोच होता, त्याचे पीक तेच होते, त्याला आंदोलनाची सवय लावणारी परंपराही तीच होती. फरक मागणीचा होता. शेट्टी पहिल्या उचलीचा, म्हणजे ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्याचा, आकडा मागत, आणि तो कारखान्याकडून वसूल करून द्यायला सरकारला भाग पाडत. सरकार असावे, पण आपल्या बाजूने असावे, ही ती मागणी. साखरसम्राटांच्या बालेकिल्ल्यात, जिथे बलाढ्य मराठा घराण्यांचे राज्य होते, तिथे अल्पसंख्य जैन समाजातला एक सामान्य शेतकरी कार्यकर्ता दोनदा लोकसभेत गेला. जात सगळे ठरवते म्हणणाऱ्यांनी हातकणंगलेचे निकाल जरूर पाहावेत. जोशी ब्राह्मण होते आणि ते त्यांना काही ठिकाणी नडले असेल. पण ज्या माणसाच्या मागे हजारो कुणबी-मराठे तुरुंगात गेले, त्याच्या पक्षाच्या पराभवाला हे कारण पुरत नाही.

विदर्भाची गोष्ट थोडी निराळी आणि म्हणूनच महत्त्वाची. तिथे साखर कारखान्यांचे जाळे विरळ होते. सरकार आले ते १९७२ च्या हंगामापासून, कापसाच्या एकाधिकार खरेदीच्या रूपाने. कापूस पणन महासंघालाच विकायचा, दुसऱ्याला विकणे किंवा राज्याबाहेर नेणे गुन्हा. चुकारे हप्त्याहप्त्याने येणार. पिकवणाऱ्याला आपला माल सीमेपलीकडे नेताना चोरासारखे जावे लागे. डिसेंबर १९८६ च्या कापूस आंदोलनात मराठवाड्यातल्या सुरेगावला गोळीबारात शेतकरी मेले. या भागात संघटना मुळापर्यंत गेली आणि निवडणुकीतले तिचे जे थोडे यश आहे ते बहुतेक इथलेच. १९९० मध्ये जनता दलाच्या चिन्हावर संघटनेचे काही कार्यकर्ते विधानसभेत गेले. त्यांत चंद्रपूर जिल्ह्यातले मोरेश्वर टेमुर्डे आणि वामनराव चटप होते, वर्धा जिल्ह्यातल्या सरोज काशीकर होत्या. २००४ मध्ये स्वतंत्र भारत पक्षाची जी एकुलती एक जागा आली ती राजुऱ्याची, चटप यांचीच. २००९ मध्ये चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले, पण दीड लाखाहून जास्त मते त्यांना पडली.

जिथे शेतकरी सरकारी संस्थेचा भागीदार नव्हता, फक्त तिचा बांधलेला विक्रेता होता, तिथे या विचाराला मते मिळाली, ही गोष्ट माझ्या मांडणीला धरूनच आहे. पण तिथेही यश मर्यादित का राहिले? कारण एकाधिकाराने भाव पाडला तरी खरेदीची खात्री दिली होती. बाजार पडला तरी केंद्रावर माल घेतला जाई; वजनाची आणि प्रतीची लबाडी, महिनोन्‌महिने थकलेले चुकारे यांवर शिव्या देत का होईना, शेतकरी बैलगाडीच्या रांगेत उभा राही. या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार संपला, खासगी व्यापारी आले, आणि पुढे जेव्हा जेव्हा भाव कोसळला तेव्हा त्याच विदर्भातून सीसीआयची, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाची, खरेदी केंद्रे उघडा अशी मागणी झाली. ही विसंगती नाही. ज्याच्याकडे साठवायला गोदाम नाही, थांबायला पैसा नाही, त्याला मोकळा बाजार आणि हमीचा ग्राहक दोन्ही हवे असतात. शिवाय राजुऱ्याचा मतदार चटप यांना निवडून देत होता तो तालुक्याची कामे करून आणणारा, कचेरीत गरिबाची बाजू मांडणारा वकील म्हणून, आणि वेगळ्या विदर्भासाठी झगडणारा माणूस म्हणून. सरकार कमी करू पाहणाऱ्या पक्षाचा एकमेव आमदार मतदारांना सरकारपर्यंत पोचवणारा दुवा म्हणून जिंकला. त्यात त्या उमेदवाराचा दोष नाही. आपल्याकडे आमदाराचे काम लोकांनी असेच ठरवले आहे.

यापेक्षाही खोल एक अडचण होती, आणि ती परदेशी उदाहरणाशी ताडून पाहिली की स्पष्ट दिसते. डेन्मार्कमध्ये मोगेन्स ग्लिस्ट्रुप नावाच्या वकिलाने १९७१ मध्ये दूरचित्रवाणीवर येऊन आपला आयकर शून्य असल्याचे सांगितले, पुढच्या वर्षी पक्ष काढला, आणि डिसेंबर १९७३ मध्ये १६ टक्क्यांच्या आसपास मते आणि संसदेत २८ जागा घेऊन तो देशातला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला. डॅनिश मतदाराला सरकार काय घेते हे पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला दिसत होते. भारतातल्या शेतकऱ्याला शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. सरकार त्याच्याकडून घेते ते भावातून: निर्यात बंद करून, आयात मोकळी करून, साठ्यावर मर्यादा घालून, पूर्वी लेव्ही लावून. ही वसुली कोणत्याच पावतीवर छापलेली नसते. उलट पावतीवर खताची सवलत दिसते, वीजबिल माफी दिसते, कर्जमाफी दिसते. जोशींचे सगळ्यांत मोठे बौद्धिक काम हे की त्यांनी ही न दिसणारी वसुली मोजून दाखवली. त्याला ते उणे सबसिडी म्हणत. जागतिक व्यापाराच्या गॅट वाटाघाटींत भारत सरकारनेच दिलेल्या आकड्यांतून १९८६ ते १९८९ या काळात आपल्या शेतमालाला मिळणारा आधार शून्याच्या खाली होता हे निघाले, तेव्हा त्यांचे म्हणणे सरकारी कागदानेच सिद्ध केले. याच वाटाघाटींतल्या डंकेल प्रस्तावाला कर्नाटकातल्या नंजुंडस्वामींसह बहुतेक शेतकरी नेते कडाडून विरोध करत असताना जोशी त्याच्या बाजूने उभे राहिले, त्याचे कारण हेच होते. पण शिबिरात तासभर फळ्यावर समजावून सांगितलेले गणित प्रचाराच्या पंधरा दिवसांत समोरच्याच्या कर्जमाफीच्या घोषणेपुढे टिकत नाही. मिळणारे दिसते, गमावलेले दिसत नाही. आणि मत मागताना दिसणाऱ्याचेच वजन पडते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: दोष विचाराचा किंवा परिस्थितीचा नव्हता, जोशींच्या धरसोडीचा होता. सुरुवातीला संघटनेला निवडणुकीपासून दूर ठेवणारे, मते मागायला आलो तर जोड्याने मारा या आशयाचे बोललेले जोशी पुढे मते मागायला आलेच. आधी विश्वनाथ प्रताप सिंहांच्या बाजूने, मग स्वतःचा पक्ष, मग भाजप-शिवसेना. प्रत्येक वळणावर काही कार्यकर्ते गळाले. हे सगळे खरे आहे, आणि २००४ चे वळण तर पक्षाला फार महाग पडले असे माझे मत आहे. पण धरसोड केलेले इतर पक्ष महाराष्ट्रात मंत्रिपदे भोगतात. आघाड्या बदलण्याची शिक्षा मतदार ज्याला देतो आणि ज्याला देत नाही, त्यांच्यातला फरक शेवटी तोच: पहिल्याकडे वाटायला काही नसते. आणि विचाराच्या बाबतीत या माणसाने धरसोड केलेली नाही. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मताने मंजूर झाले. ते एक मत जोशींचे होते. चांदवडला बायकांना राजकारणात आणणारा, लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून नवऱ्याच्या जमिनीत बायकोचे नाव लावायला शेतकऱ्यांना तयार करणारा, विटनेरसारख्या गावांत संपूर्ण महिला पॅनेल निवडून येण्याला बळ देणारा नेता त्या विधेयकाविरुद्ध गेला, कारण फिरत्या राखीव मतदारसंघांची सोडत त्यांना प्रतिनिधी घडवणारी वाटत नव्हती. त्यांच्या मताशी मी सहमत नाही. पण सोय पाहून भूमिका बदलणारा माणूस त्या दिवशी निमूट बहुमतात मिसळून गेला असता.

दुसरा आक्षेप निवडणूक पद्धतीवर आहे. जास्त मते तो विजयी, या पद्धतीत विखुरलेल्या छोट्या पक्षाला जागा मिळत नाहीत. प्रमाणशीर प्रतिनिधित्व असते तर स्वतंत्र भारत पक्षाचे दोन-चार आमदार कायम असते. असतेही. पण एका भागात दाट पाठिंबा असलेल्या पक्षाला ही पद्धत उलट फायद्याची असते, आणि शेट्टींना ती झालीच. चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा, नांदेड, परभणी या सलग पट्ट्यात संघटनेचा पाठिंबा काही विखुरलेला नव्हता. पद्धतीला दोष देण्याने फार काही उलगडत नाही.

एका बाबतीत मात्र व्यवस्थेने या पक्षावर सरळ अन्याय केला आणि त्याची चर्चा मराठीत पुरेशी झालेली नाही. आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने राज्यघटनेच्या उद्देशिकेत समाजवादी हा शब्द घातला गेला. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९ अ हे कलम आले आणि नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाने आपल्या घटनेत समाजवादाच्या तत्त्वाशी निष्ठा लिहून देणे बंधनकारक झाले. म्हणजे समाजवाद चूक आहे हे मतदारांना सांगण्यासाठी आधी समाजवादाशी निष्ठेची शपथ घ्यायची. जुन्या स्वतंत्र पक्षाचे एस. व्ही. राजू याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. जोशींनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून तो शब्द काढण्याची मागणी केली. दोन्हींतून काही निष्पन्न झाले नाही. ही केवळ औपचारिकता आहे, हे सगळेच पक्ष लिहून देतात आणि विसरतात, असे यावर म्हटले जाते. औपचारिकता असेल तर काढून टाकायला कोणाची हरकत नसावी. या शपथेमुळे पक्षाची मते कमी झाली असे मी म्हणत नाही. राजुऱ्याच्या किंवा शिरोळच्या मतदाराने ते कलम वाचलेलेही नसेल. पण एखादी आर्थिक भूमिका मांडणाऱ्याला खोटे लिहून दिल्याशिवाय निवडणुकीत पक्ष म्हणून उभे राहता येऊ नये, ही लोकशाहीला शोभणारी गोष्ट नाही. ज्यांना समाजवाद प्रिय आहे त्यांनी तर ही अट काढण्यासाठी पुढे यावे; सक्तीने लिहून घेतलेल्या निष्ठेने त्यांच्या विचाराचा मान वाढत नाही.

जोशी डिसेंबर २०१५ मध्ये गेले. त्यानंतरच्या दोन घटनांनी त्यांच्या पक्षाच्या इतिहासावर पुन्हा प्रकाश पडतो. २०२० मध्ये केंद्र सरकारनेच तीन कृषी कायदे आणले आणि बाजार समितीच्या बाहेर विक्रीची मोकळीक देऊ केली. पंजाब-हरियाणाचे शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले, कारण त्यांचा गहू-तांदूळ हमीभावाने सरकार विकत घेते आणि त्या खरेदीवर त्यांचे घर चालते. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट सर्वोच्च न्यायालयाच्या समितीवर होते आणि कायद्यांच्या बाजूने बोलत होते, पण त्यांच्यामागे महाराष्ट्राचा शेतकरी रस्त्यावर उतरला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. सरकारचा हात ज्याच्या पैशाला लागतो तो तो हात धरून ठेवण्यासाठी लढतो. ज्याला त्या हाताचा फक्त त्रास आहे तो विखुरलेला असतो आणि त्याचा राग हंगामी असतो.

तो राग खोटा मात्र नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली ती मे २०२४ पर्यंत, ऐन लोकसभा निवडणुकीपर्यंत. निकाल लागले तेव्हा दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, अहमदनगरमध्ये प्रवरेच्या विखे घराण्यातले सुजय विखे हरले, नाशिकची जागाही सत्ताधारी आघाडीने गमावली. इतरही कारणे होती, पण कांद्याचे कारण त्या भागात कोणी नाकारत नाही. चाळीस वर्षांपूर्वी चाकणच्या कांद्यापासून जोशींनी जे सांगायला सुरुवात केली होती, की भाव पडत नसतात, सरकार ते पाडते, ते या मतदारांनी तंतोतंत मान्य केले. आणि दिंडोरीत मत दिले ते शरद पवारांच्या पक्षाला. पवार केंद्रात कृषिमंत्री असतानाही, सप्टेंबर २०११ मध्ये, कांद्याची निर्यात काही दिवस बंद झाली होती. एका सरकारच्या जागी दुसरे सरकार आणता येते. सरकारच्या जागी काहीच न आणण्यासाठी मतयंत्रावर बटण नसते.

म्हणून या विचाराचा पक्ष पुन्हा उभा करू पाहणाऱ्यांना एक सांगणे आहे. संघटनेने रस्ते जिंकले, काही गावांच्या ग्रामपंचायती जिंकल्या, आणि मग एकदम विधानसभा-लोकसभेकडे उडी घेतली. मधला सगळा मुलूख, म्हणजे कारखान्यांची संचालक मंडळे, सोसायट्या, बाजार समित्या, जिल्हा बँका, तिने आपले मुख्य रणांगण कधी मानले नाही. त्या संस्था सरकारी दावणीला बांधलेल्या, म्हणून त्यांना हात न लावणे तिला तत्त्वाला धरून वाटले. पण शेतकऱ्याच्या आयुष्यातले सरकार तिथेच आहे. एखादी सोसायटी सरकारी टेकूशिवाय नीट चालवून दाखवा, एखादी बाजार समिती हाती घेऊन तिच्या बाहेर माल विकणाऱ्याची अडवणूक थांबवा, उसाची कपात सभासदाच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही असा ठराव एका तरी कारखान्यात करून घ्या. सरकार हटले तरी आपले पैसे बुडत नाहीत हे शेतकऱ्याने एका तालुक्यात डोळ्यांनी पाहिले, की मगच लोकसभेसाठी त्याच्याकडे मत मागायला जा.